ड्रमच्या माइकमध्ये राहिलेली

४ मार्च

ढमू,

वर आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं होतं. पण जी मुलगी तीन वर्षं फोन उचलत नाही तिला आशीर्वाद द्यायचे म्हणजे ते पोस्टमनलाच दिल्यासारखे. म्हणून नुसतं ढमू. आणि पत्र अशासाठी, की ते फोनसारखं कट करता येत नाही. फार तर फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच.

कामाचंच लिहितो. परवा झिपऱ्याचा फोन आला होता. डोक्यावर एक केस उरला नाही, तरी तुमच्या ग्रुपमध्ये तो अजून झिपऱ्याच. तुमच्या पहिल्या गाण्याला ऑगस्टमध्ये दहा वर्षं होतात, म्हणून मोठा कार्यक्रम ठेवलाय म्हणे. तू वाजवणार नाहीस हे त्यानं धरूनच चाललंय. बेस गिटारवाला दुसरा घेतलाय, पण त्याला ते गाणं काही केल्या जमत नाही. तेव्हा झिपऱ्याला रेकॉर्डवरचा बेस कागदावर जसाच्या तसा उतरवून हवाय. "काका, तुमच्याइतका बारीक कान कुणाचा आहे?" म्हणाला. लोणी लावण्यात तो पहिल्यापासून पुढे.

मी हो म्हणालो. बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी वाजवलेला बेस ऐकून उतरवतोय, मग स्वतःच्या मुलीचाच का नको? विचारायचं होतं ते एवढंच, की दुसऱ्या कडव्याच्या आधी जो खाली उतरत जाणारा तुकडा आहे, तो तू कुठल्या तारेवर वाजवला होतास? तोच सूर गिटारच्या मानेवर तीन ठिकाणी मिळतो, आणि हात नेमका कुठे होता हे कळल्याशिवाय उतरवलेलं अर्धवटच राहतं, हे तुला मी सांगायला नको. तू वाजवलंयस, तूच सांग. एका ओळीचं कार्ड पुरे.

आई दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलते ते मला माहीत आहे. मी तेव्हा मुद्दाम गच्चीवर कपडे वाळत घालायला जातो. गेल्या रविवारी कपडे नव्हतेच, तरी गेलो.

बाबा

१५ मार्च

ढमू,

कार्ड आलं नाही. येईल असं वाटलं होतं, असंही नाही.

इकडची खोली अजून तीच आहे. खाली शिलाई मशीन दुरुस्त करणारे, वर मी. दुपारी ते जेवायला जातात तेव्हा तासभर खरी शांतता मिळते, आणि सगळं अवघड ऐकणं मी त्या तासासाठी राखून ठेवतो. या आठवड्यात तीन कामं होती. एक नाचाचं गाणं, ज्यात बेसवाला चार मिनिटं एकच सूर खाली-वर, खाली-वर उड्या मारत वाजवतो आणि कंटाळत नाही. एक जॅझचं, ज्यात तो एका पावलावर दुसरं पाऊल टाकत चालत राहतो आणि मागे वळून बघत नाही. तिसरं मेटल. त्यात गिटारांच्या कल्लोळात बेस असा बुडालेला, की सगळं एक सप्तक वर चढवून ऐकावं लागलं, तेव्हा कुठे त्याचं डोकं बाहेर दिसलं. तुला आठवतं? पहिल्यांदा अशी युक्ती दाखवली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस आणि म्हणाली होतीस, "बाबा, हा तर बदकासारखा वाजतोय." मग आठवडाभर घरात बदकच बदक.

माझे नियम तुला तेव्हा जाच वाटायचे. आधी ऐकायचं, मग तोंडानं म्हणायचं, मग पेन्सिलनं लिहायचं, आणि सगळ्यात शेवटी गिटारला हात लावायचा. तोंडानं म्हणता आलं नाही तर तो सूर आपल्याला ऐकूच आलेला नाही. तू डब्यावर ढमढम बडवत म्हणायचीस. नाव त्यावरूनच पडलं. आणि तू कुणाचंही उतरवायचीस. पंधराव्या वर्षी तू माझ्या तीन चुका काढून दाखवल्यास. त्या रात्री मी आईला म्हणालो होतो, की हिला आता माझ्याकडून शिकण्यासारखं काही राहिलं नाही. तुला मात्र म्हणालो होतो, "ठीक आहे, दोन बरोबर आहेत."

झिपऱ्याचं काम पुढे सरकत नाही. रेकॉर्ड लावतो आणि बंद करतो.

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तालमीच्या खोलीत मी जे बोललो ते तुझ्या भल्यासाठीच होतं. रियाज कमी पडतोय असं बापानं नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? झिपऱ्या आणि तुमचा ड्रमवाला काडीपैलवान समोर होते हे खरं. त्यांच्यासमोर बोलायला नको होतं, इतकं मी मान्य करतो.

बाबा

२४ मार्च

ढमू,

काल रविवार होता. गच्चीवरून खाली आलो तर आई फोन ठेवून तशीच बसली होती. मी काही विचारलं नव्हतं. तिनंच सांगितलं.

माझ्या पत्रांचा विषय निघाला म्हणे. तू म्हणालीस, "त्यांना सांग, मला विचारू नका. मला ते गाणं वाजवता येत नाही. त्या रेकॉर्डनंतर एकदाही आलं नाही." आणि मग तू सांगितलंस, की ग्रुप सोडल्यावरही दोन वर्षं तू रोज सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जायच्या आधी हेडफोन लावून तेच गाणं वाजवत होतीस. वेळेवर वाजवलं की ते कोरडं पडायचं, जरा मागे ठेवून वाजवलं की रखडायचं. रेकॉर्डवर जसं जाडजूड, भरलेलं येतं तसं एकदाही आलं नाही. मग तू गिटार पलंगाखाली सरकवलीस. आईला म्हणालीस, "एकोणिसाव्या वर्षी जे हातात होतं ते गेलं. मीच माझी नक्कल करू शकत नाही, मग कशाला वाजवायचं?"

दोन वर्षं. रोज सकाळी. मला वाटत होतं की तू त्या दिवशी चिडून सोडलंस, आणि राग उतरला की पुन्हा धरशील. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी लगेच काही केलं असतं का, हे विचारू नकोस, कारण खरं उत्तर मला आवडणारं नाही.

आई म्हणाली, "तुम्ही इतके पांढरे का पडलात?" मी म्हणालो, ऊन लागलं.

ढमू, तुझा हात कुठेही गेलेला नाही. मला हे खात्रीनं माहीत आहे. कसं माहीत आहे ते

२५ मार्च

काल इथेच थांबलो होतो. शेपूट घातली असं म्हण. कालचा कागद तसाच आत घालतोय, म्हणजे तुझा बाप किती वेळा तोंडाशी आलेलं गिळतो ते तुला दिसेल.

रेकॉर्डवर तू नाहीस. मी आहे.

दहा वर्षांपूर्वी एका स्पर्धेला ते गाणं सोमवारी पाठवायचं होतं. तुम्ही तिघांनी गुरुवारी माझ्याच खोलीत वाजवलंत, आणि रेकॉर्डही मीच केलं. शनिवारी तू परीक्षेला गेलीस आणि मी मिक्सिंगला, सगळ्यांचे आवाज एकत्र जुळवायला बसलो. तुझा बेस ऐकताना, चार ठोक्यांचा एक बार धरला तर विसाव्या बारपासून तू मागे पडतेयस असं मला वाटायला लागलं. दोनच बार नीट करून द्यावेत म्हणून गिटार उचलली. पण दोन बार माझे आणि बाकीचे तुझे, असं ऐकलं की सांधा कळायचा. म्हणून चार केले, मग आठ. दुपारी चारच्या सुमारास सगळं गाणं माझं झालं होतं. त्या यंत्रात वेगवेगळे आवाज ठेवायला आठच ट्रॅक, आणि आठही भरलेले. तुझ्या ट्रॅकवरच माझं वाजवणं चढवलं. तुझं पुसलं गेलं.

तुझ्या बोटांचा ढंग, तू तार कुठे दाबतेस, कुठे अर्धवट सोडतेस, सगळं मी उचललं. बत्तीस वर्षांचं माझं पोटापाण्याचं कामच ते. मी तुला उतरवलं आणि तुझ्या जागी वाजवून ठेवलं. संध्याकाळी तू आलीस, ऐकलंस, आणि म्हणालीस, "बाबा, हे मी इतकं छान वाजवलंय?" मी म्हणालो, मिक्सिंगची कमाल. तू माझ्या गळ्यात पडलीस. त्या क्षणी सांगता आलं असतं. मी तुझ्या पाठीवर थोपटलं.

आता यापुढचं लिहायला जास्त जिवावर येतंय. तू मागे पडत होतीस म्हणून मी केलं, हे कारण मी स्वतःला दहा वर्षं सांगत आलोय. ते अर्धंच आहे. उरलेलं असं, की आयुष्यभर मी दुसऱ्यांचं उतरवलं, पण माझ्या हाताचं रेकॉर्डवर एकदाही काही गेलं नव्हतं. हे गेलं. आणि लोकांना आवडलं. एकदा केस कापायला बसलो होतो तेव्हा दुकानात ते लागलं. न्हावी म्हणाला, "हा खालचा आवाज काय झकास आहे हो!" मी इतक्या जोरात मान डोलावली की कानामागे वस्तरा लागला. घरी आल्यावर आईनं विचारलं तर म्हणालो, न्हावी नवीन होता. मला आनंद होत होता, ढमू. लोक तुझं कौतुक करायचे आणि ते मी मनातल्या मनात स्वतःकडे घ्यायचो. याला चोरी म्हणतात, दुसरा शब्द मला सापडला नाही.

आणि मग तू तालमीत मध्येच थांबून म्हणालीस, "बाबा, माझा हात गेला. मीच वाजवलेलं मला वाजवता येत नाहीये." त्या खोलीत खरं काय ते एकट्या मला माहीत होतं. मी म्हणालो, "हात कुठे जात नसतो. रियाज कमी पडतोय तुझा." तू फडक्यानं चारही तारा पुसल्यास, गिटार पिशवीत ठेवलीस आणि चेन ओढलीस. मी तिथे उभा होतो.

पहिल्या पत्रात तार विचारली ती शुद्ध लबाडी होती. तुझ्याकडून काही उत्तर आलं तर सगळं पूर्वीसारखं चालवून नेता येईल, असं वाटलं होतं.

क्षमा कर असं लिहीत नाही. मागायलाही काही हक्क लागतो.

बाबा

८ एप्रिल

ढमू,

तुझं उत्तर नाही, आणि आता मी त्याची वाट बघतोय असं म्हणण्याचीही लाज वाटते. आईला सगळं सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट समोर आपटून म्हणाली, "पोरगी स्वतःला नालायक समजत बसली आणि तुम्ही बघत बसलात." त्यानंतर पुन्हा बोलणं बंद. घरात आता फक्त कुकर बोलतो.

हे पत्र मात्र दुसऱ्या कारणासाठी आहे. नीट वाच, कारण हे माझ्या कबुलीपेक्षा तुझ्या उपयोगाचं आहे.

मी माळ्यावरून ते जुनं यंत्र काढलं. झिपऱ्याला खरं सांगण्याआधी, निदान माझं वाजवणं तरी वेगळं काढून ऐकावं, असं मनात होतं. आठ ट्रॅक, प्रत्येकाला वेगळं बटण. दुपारची वेळ होती, खालचे लोक जेवायला गेले होते. चुकून बेसचा ट्रॅक बंद आणि ड्रमचा एकटा चालू राहिला. काडीपैलवान वाजवत होता, आणि त्याच्या मागे, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा बेस ऐकू येत होता.

माझा बेस मी गिटारची वायर थेट यंत्रात घालून वाजवला होता, खोलीत त्याचा आवाजच झाला नव्हता. हा खोलीतला होता. गुरुवारचा. तुझा अॅम्प्लिफायर काडीपैलवानाच्या ड्रमला चिकटून ठेवलेला होता, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती. मी तेव्हा कुरकुर केली होती, की बेसचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतोय, मिक्सिंगला त्रास होईल. तो शिरला होता आणि राहिला होता. तुझा ट्रॅक मी पुसला, पण तू ड्रमच्या माइकमध्ये राहिलीस. ड्रम पुसायचं काही मला सुचलं नव्हतं.

मग माझा ट्रॅक पुन्हा चालू केला, आणि तेव्हा दहा वर्षांचं कोडं उलगडलं. मी तुझेच सूर वाजवलेत, पण अगदी ठोक्यावर. तू ठोक्याच्या केसभर मागे आहेस, सगळीकडे सारखीच मागे, एकदाही न चुकता. वर मी, खाली तू. सूर एकच, पण एकापाठोपाठ दोनदा पडतो. तो जाडजूड, भरलेला आवाज, ज्याचं न्हाव्यानं कौतुक केलं आणि ज्याच्यासाठी तू दोन वर्षं सकाळी उठून बोटं झिजवलीस, तो असा आलाय. एका माणसाला तो काढता येणारच नाही, ढमू. तुला नाही, मला नाही, झिपऱ्याच्या नव्या बेसवाल्याला नाही. तू दोन हातांनी चार हातांचं वाजवायला बघत होतीस.

आणि तू रखडत नव्हतीस. मी फक्त ड्रम आणि तू, असं दोघांनाच ऐकलं. काडीपैलवान तुझा सूर पडायची वाट बघून पुढचा ठोका टाकतोय, तू त्याला धरून बसवतेयस. माझ्यातल्या बापाच्या कानाला ते मागे पडणं वाटलं. आता जे ऐकतोय ते माझ्या वाजवण्यापेक्षा चांगलं आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, आणि वाईट वाटतंय याचीही लाज वाटते.

मी तुला उतरवायला घेतलंय. नियमानं. ऐकून, तोंडानं म्हणून, पेन्सिलनं.

बाबा

२१ एप्रिल

ढमू,

सोबत चार पानं आहेत, आणि एका छोट्या पेन ड्राइव्हवर ड्रमचा तो एकटा ट्रॅक. हेडफोनशिवाय ऐकू नकोस, नुसते ड्रमच ऐकू येतील.

असं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. मोठ्या ड्रमचा घुमारा आणि तुझा खालचा सूर एकाच जागी बसतात, कुठला कुणाचा ते वेगळं काढताना डोळ्यांसमोर अंधारी येते. एक सप्तक वर चढवून, अर्ध्या वेगानं, दिवसाला चार चार बार, असं करत तेरा दिवस लागले. कागदावर उभ्या रेघांनी पाडलेल्या एकेका खोलीत मी तुला शोधत होतो. पहिल्या ऐकण्यात सापडली नाहीस तिथे दहा वेळा ऐकलं. प्रत्येक सूर कुठल्या तारेवर, तेही लिहिलंय.

झिपऱ्याला परवा बोलावून सगळं सांगितलं. काडीपैलवानही आला होता. तो अजून तसाच, वाऱ्यानं उडेल असा. दोघांना आधी रेकॉर्ड ऐकवली, मग नुसता ड्रम. झिपऱ्या म्हणाला, "काका, आम्ही तिला तीन वर्षं सांगत होतो, की रेकॉर्डसारखं होत नाही. प्रत्येक कार्यक्रमानंतर सांगत होतो." मान खाली घालून उठला. काडीपैलवान मात्र माझ्यावर उखडला. म्हणाला, "मला रेकॉर्ड ऐकताना नेहमी वाटायचं की मी असं का वाजवलंय, कुणाच्या मागे चाललोय? काका, तुम्ही माझ्या समोरचा माणूसच बदललात, आणि मला सांगितलंही नाहीत." मला त्या बाजूनं कधी सुचलंच नव्हतं. मी त्याचीही माफी मागितली. तो घेतली असं म्हणाला नाही.

कार्यक्रमाचं काय ते त्यांनी तुझ्यावर सोडलंय. तू नाही म्हणालीस तर ते गाणं घेणार नाहीत. हे मी तुझ्यावर ओझं म्हणून लिहीत नाही, त्यांनी सांगितलं ते पोचवतोय.

तू मागशील तर लोकांसमोर उभा राहून मी खरं सांगेन. तू नको म्हणालीस तर सांगणार नाही. यावेळी मी ठरवणार नाही.

पानं तपासून बघ. पंधराव्या वर्षी तू माझ्या तीन चुका काढल्या होत्यास. तिन्ही बरोबर होत्या.

बाबा

११ मे

ढमू,

तुझं पाकीट मिळालं. वर दुकानाचा शिक्का होता, त्यामुळे आई आधी स्वतःशीच म्हणाली, चष्म्याची जाहिरात असेल. मग तिनं अक्षर ओळखलं आणि पाकीट माझ्या हातात न देता स्वतः उघडलं. आत माझीच चार पानं. पत्र नाही. आईनं पाकीट उलटं करून झटकलं.

दुसऱ्या पानावर तेविसाव्या बारला लाल गोल होता, आणि समासात तुझं बारीक अक्षर. "बाबा, इथे तुम्ही चार सूर लिहिलेत. इथे मी काहीच वाजवलेलं नाही. थांबले होते. इथे पुन्हा तुम्हीच वाजवलंत."

पहिल्यांदा नाकाला मिरच्या झोंबल्या. तेरा दिवस खपून उतरवलंय, मला ऐकू आलेलं आहे, असं आईला म्हणालो. ती म्हणाली, "मग जा, परत ऐका." इतक्या दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, म्हणून गेलो.

दुपारी बसलो. तेविसावा बार एकटा कापून घेतला आणि फिरवत ठेवला. साठ वेळा, सत्तर वेळा ऐकला. तिथे चार सूर आहेत असंच मला ऐकू येत होतं. मग तुझा नियम लावला, म्हणजे मी तुला लावलेला. यंत्र बंद केलं आणि जे ऐकलं तेच तोंडानं म्हणून बघितलं. माझ्या तोंडातून जे आलं ते मी वाजवलेलं होतं. त्या शनिवारचं. मग हेडफोन पुन्हा लावले आणि फक्त खालच्या घुमाऱ्याकडे लक्ष दिलं. मोठा ड्रम घुमत विरत जातो, आणि त्याच्या खाली काही नाही. एक पूर्ण बार तू हात तारांवर ठेवून थांबलीस, आणि चोविसाव्याला आलीस. तिथे कुणीही चार सूर टाकले असते. मी टाकलेच होते, दहा वर्षांपूर्वी एकदा आणि आता पेन्सिलनं पुन्हा. तुला शोधतोय म्हणत होतो आणि जिथे तू गप्प होतीस तिथे मला माझंच ऐकू आलं. हे मला आजवर कुणी दाखवून दिलं नव्हतं. तुलाही दाखवायची संधी मी कधी दिली नव्हती.

एक विचारणार होतो, पण विचारत नाही. चारही पानांच्या वरच्या कडेला चिमट्याचा वळ उमटलाय, वाजवताना कागद समोर नोटेशन स्टँडला लावल्यावर उमटतो तसा. तो मी बघितला, आईला दाखवला नाही. झिपऱ्यालाही सांगणार नाही.

ते चार सूर खोडायला गेलो तर रबरानं डाग पडला, खालचं दिसतच राहिलं. म्हणून सगळं दुसरं पान नव्यानं लिहिलंय. तेविसावा बार रिकामा ठेवलाय, त्यात फक्त थांबण्याची खूण आहे. सोबत पाठवतोय. आता पुन्हा पहिल्यापासून बघ, आणि जिथे जिथे मी सापडेन तिथे लाल गोल कर.

बाबा